चांगल्या थाई हॉटेलाची खूण

वैशाख लागला, पंख्याखालीही मानेवरून घामाचे ओघळ सुरू झाले, की माझी मुलगी मितू फोनवर थाई हॉटेलं शोधायला लागते. पुण्यात ती आता रगड झाली आहेत. कोरेगाव पार्कात आहेत, बाणेरला आहेत, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी तर ओळीने आहेत. दर वर्षी बुद्धपौर्णिमेला आम्ही मायलेकी एका नव्या थाई हॉटेलात जेवतो. हा रिवाज मीच पाडला. मितूला त्याचं कारण अर्धवट ठाऊक आहे, आणि म्हातारीच्या विक्षिप्तपणाची तिला आता सवय झाली आहे.

हॉटेल निवडताना ती तारे बघते. लोकांनी पाचपैकी किती तारे दिले, फोटोत दिवे कसे दिसतात, खुर्च्यांना गादी आहे का. माझी परीक्षा सोपी आहे. दारातून आत पाऊल टाकायचं आणि स्वयंपाकघराकडून काय येतंय ते हुंगायचं. गवती चहाचा, नारळाच्या दुधाचा, तुळशीच्या भावकीतल्या कुठल्याशा पानांचा वास सगळीकडेच येतो. त्याला मी भुलत नाही. त्या सगळ्यांच्या खालून एक खारट, उग्र, नाक मुरडायला लावणारा वास आला पाहिजे. तो आला तर हॉटेल चांगलं. नाही आला तर ताटात कितीही फुलं कोरून ठेवा, मला ते सपकच लागतं.

"आई, तू हॉटेल शोधतेस की मासळीबाजार?" मितू विचारते.

"दोन्ही एका जागी मिळालं तर सांग," मी म्हणते.

परवा ती मला औंधकडच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेली. पौर्णिमेला यायचं की नाही हे आधी ठरवून टाकू म्हणाली. दारावर पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी थाई'. मी पाटी वाचली, आत शिरले, हुंगलं. अगरबत्तीचा वास येत होता. वाढणारा मुलगा मोठा अदबशीर होता. मी त्याला विचारलं, "वाळलेल्या कोळंबीचं काही करता का?" तो हसला. "नाही मॅडम. ती पेस्ट, फिश सॉस, आम्ही किचनमध्ये आणतच नाही. वास येतो ना. चांगल्या घरचे लोक येतात इथं."

तो बिचारा कौतुकानेच सांगत होता. पण माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे 'वास येता कामा नये'. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं, आणि तेही चांगल्या हेतूनेच सांगितलेलं. मितू पुढे काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. पुढ्यातला हिरवा रस्सा गार झाला आणि मी मराठवाड्यात लोहाऱ्याजवळच्या आमच्या वस्तीत, बहात्तरच्या दुष्काळाच्या मागून आलेल्या त्या वैशाखात जाऊन उभी राहिले.

त्या उन्हाळ्याचा रंग मला लाल आठवतो. फुफाटा लाल, तलावाच्या कामावरून परतणाऱ्या बायांचे पाय लाल, आणि भाकरीसुद्धा लाल, कारण ज्वारी कुठे उरली नव्हती आणि रेशनवर मिलो मिळत होता. परदेशातून आलेलं ते धान्य जनावरांचं आहे असं लोक म्हणत. म्हणत आणि खात. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसले होते. बसले होते असं नुसतं म्हणायचं. रोज मायबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होते. दुपारी कामावर सुकडी वाटत. ती गोडसर भुकटी तळहातावर घेऊन चाटायची आणि वर घोटभर पाणी, तेही मोजून मिळालेलं. आमच्या वस्तीची विहीर पौषातच आटली होती. टँकर येई तो विहिरीत पाणी ओते, आणि मग बाया त्या पाण्याचा तळ लागेपर्यंत उपसत.

माझे वडील, आबा, गावच्या सोसायटीत मापाडी होते. काट्यावर धान्य तोलायचं काम. माणूस शिस्तीचा, कपाळाला कायम आठी. वस्तीत लोकांनी मजुरीतून पैसे काढून चार भिंती आणि पत्रे असं विहार बांधलं होतं, पण आत मूर्ती नव्हती, नुसती तसबीर होती. आबांनी कुणाकुणाला गाठून, बुद्धगयेच्या थाई विहारापर्यंत विनवण्या पोहोचवून, अखेर शब्द मिळवला होता. वैशाखी पौर्णिमेला आमच्या वस्तीत थायलंडची मूर्ती बसणार, आणि तिच्यासोबत एक थाई भन्ते येणार. आमचे लोक भिक्खूंना भन्ते म्हणतात.

बातमी आली त्या दिवसापासून आबा झोपले नाहीत असं माय म्हणायची. मूर्तीच्या आनंदाने तर खरंच, पण त्याहून एका धास्तीने. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनना आणि गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांना आमंत्रण दिलं होतं, आणि ते लोक येतो म्हणाले होते. आमची वस्ती गावाच्या उताराला. गावातलं माणूस तो उतार उतरून यायचं ते मतं मागायला, नाहीतर कामाला हाक मारायला. पाहुणा म्हणून कुणी आलेलं नव्हतं. आबांनी विहारासमोर बैठक घेतली आणि सांगितलं, "लोकं बघायला यायलेत. आपल्याला नाव ठेवायला त्यांना टाचणीएवढीबी जागा द्यायची न्हाय."

मग त्यांनी तो ठराव मांडला. मूर्ती येण्याच्या आदल्या आठवड्यापासून वस्तीत मांसमच्छी शिजणार नाही. बकरं तर कुणाच्या बापाला परवडत नव्हतं, म्हणजे प्रश्न एकाच गोष्टीचा होता, सुकटीचा. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, नखाएवढीसुद्धा नाही. माय भूमकडची, तिथल्या बाजारातून मामा आला की पिशवी भरून आणायचा. तव्यावर नुसती भाजायची, लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर रगडायची, की लाल भाकरीसुद्धा घशाखाली उतरायची. पण तिचा वास लपत नाही. शाळेत माझ्या बाकावरच्या मुली माझा डबा उघडला की सरकून बसत, आणि एकदा गुरुजींनी माझ्याकडे न बघता खिडकी उघडायला सांगितली होती. आबांना हे सगळं माहीत होतं. धर्म बदलल्यावर आमच्या लोकांनी पुष्कळ काही सोडलं, अभिमानाने सोडलं. आबांना वाटायचं, अजून थोडं सोडायचं राहिलं आहे.

"घरात ठिवली तरी वास येतो," आबा म्हणाले. "भन्ते म्हंजे सात्त्विक माणूस. दूध-भात खाणारा. वास येता कामा नये."

म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घरातली सुकट गोळा झाली. काहीजणींनी कुरकुरत दिली, एका म्हातारीने थोडी लुगड्याच्या ओच्यात दडवली ती वासानेच सापडली. सगळीचं एक गाठोडं बांधलं आणि आबांनी ते वस्तीपासून लांब, ओढ्याकाठच्या बाभळीवर उंच टांगलं. वस्तीची कुत्री त्याच दिवशी घरं सोडून बाभळीखाली जाऊन बसली. येता-जाता दिसायचं ते, काटेरी फांदीवर लोंबणारं गाठोडं आणि खाली माना वर करून बसलेली कुत्री. माय तलावावरून परतताना त्या बाजूला बघायची आणि पुन्हा चालायला लागायची.

भन्तेंसाठी प्रत्येक घराने मूठ-मूठ तांदूळ काढला होता. आमच्या भागात भात म्हणजे लग्नातलं जेवण, आणि त्या साली तर लग्नंही भाकरीवर उरकत होती.

मूर्ती ठरल्याप्रमाणे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली, पण उशिरा आली. जळकोटजवळ ट्रकचा टायर फुटला, आणि ट्रक वस्तीत शिरला तेव्हा दुपार कलली होती. गुलाल उडाला, बाया ओवाळायला धावल्या. मूर्ती पोत्यात आणि गवतात गुंडाळलेली होती. तिच्याशेजारी भन्ते बसले होते, अगदी वाळकेसे, वयस्कर, चेहऱ्यावर रस्त्याची धूळ. सोबत सोमचाय नावाचा एक तरुण उपासक होता, त्याला बुद्धगयेत राहून थोडी हिंदी येत होती. आबांनी हात जोडून जेवायला चला म्हटलं. सोमचाय म्हणाला, "नहीं। बारह बज गया। अब कल।"

माध्यान्हीनंतर भिक्खू अन्न घेत नाहीत हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली. पण मग सोमचाय हळूच म्हणाला की सकाळीही प्रवासात काही मिळालं नव्हतं. आणि भन्ते मागत नाहीत. कुणी हातात दिलं तरच घेतात.

आबांनी त्या संध्याकाळी अन्नाला हात लावला नाही. माय भाकरी घेऊन उभी राहिली तर म्हणाले, "माझ्या बोलावण्यावर आलेला माणूस उपाशी हाय. उद्या ते जेवतील, मग म्या."

पौर्णिमेची सकाळ उजाडली ती टँकरकडे डोळे लावून. चेअरमननी शब्द दिला होता, सकाळीच टँकर वस्तीच्या विहिरीत रिकामा होईल. भात, वरण, शिरा, पाहुण्यांचा चहा, सगळं त्या पाण्यावर होतं. चुली पेटवून ठेवल्या होत्या. बाया रिकाम्या घागरी घेऊन रस्त्याला उभ्या होत्या. लांबून टँकरचा आवाज आला, धुरळा दिसला, आणि तो धुरळा वर गावाकडे वळला. वस्तीपर्यंत गाडी उतरत नाही, रस्ता खराब आहे, असं म्हणून ड्रायव्हरने सगळं पाणी गावच्या विहिरीत ओतलं होतं. आदल्या दिवशी मूर्तीचा ट्रक त्याच रस्त्याने उतरला होता.

मी आणि मायने घागरी उचलल्या आणि उतार चढलो. गावच्या विहिरीवर आमच्या हाताने पाणी शेंदायचं नाही हे कुणी पाटीवर लिहिलेलं नव्हतं. बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओततील. त्या दिवशी तर गावच्याच बायांची झुंबड होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं. ऊन चढत होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती, विहारासमोरच्या झेंड्याच्या खांबाची सावली. वैशाखात आमच्याकडे सूर्य अगदी टाळूवर येतो आणि माध्यान्हीला खांबाची सावली बुडाशी गोळा होऊन नाहीशी होते. ती नाहीशी झाली की भन्तेंचा दुसरा दिवसही उपाशी गेला.

शेवटी गौराक्का नावाच्या दुकानवाल्या बाईने आमच्याकडे बघितलं. कपाळावर विभूती, हातात भरलेली घागर. ती कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि मग मायला म्हणाली, "तुमच्यात म्हाराज आलाय म्हणं?"

"व्हय आक्का. कालपास्नं उपाशी हायेत."

तिने आपली घागर मायच्या घागरीत रिकामी केली. लांबूनच, उंचावरून, पण शेवटच्या थेंबापर्यंत. दुसरी देईना, तिच्याही मागे बाया ओरडत होत्या. आम्ही ती एक घागर घेऊन उतरलो. डोक्यावर पाणी असताना पळता येत नाही, आणि माय तरी पळत होती.

वस्तीत आबा विहारासमोर उभे होते. खांबाकडे बघत होते. भन्ते आत मूर्तीपुढे डोळे मिटून बसले होते. आबांनी घागर बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एक घागर. त्यात पिण्याचं काढलं, हात धुण्याचं काढलं, तर वरण-भात शिजणार कशात? आणि शिजायला वेळ कुठे होता?

माय चुलीपुढे बसली. तिने मिलोचं पीठ परातीत ओढलं, ओंजळभर पाणी घातलं. मग मान वर न करता मला म्हणाली, "गौतमे, बाभळीवरलं गाठोडं आण."

आबांनी ऐकलं. "येडी झालीस का?" ते दबक्या आवाजात म्हणाले. आवाज दबका, पण मानेच्या शिरा ताठ. "आज? भन्तेला? चेअरमनसायेब आत्ता येतील!"

"मग काय देऊ? तांदूळ कोरडा देऊ?"

"जलमभर बोलतील लोकं. मूर्ती बसवली अन् सुकट चारली म्हणतील."

"अन् उपाशी ठिवलं तर काय म्हणतील?" मायने भाकरी थापायला घेतली होती, तिचा हात थांबला नाही. "तुमी नावाला भ्यायलाव. म्या त्या माणसाच्या पोटाला भ्यायले. गौतमे, जा म्हणलं न्हवं?"

मी आबांकडे बघितलं. ते खांबाच्या सावलीकडे बघायला लागले. मग मी पळाले. अनवाणी, तापलेल्या मातीवर. बाभळीवर चढताना दंडावर काट्याने ओरबाडलं, त्याची खूण अजून आहे. गाठोडं खाली घेतलं तशी कुत्री माझ्यामागे लागली आणि मी वस्तीत शिरले ती सगळी कुत्र्यांची वरात घेऊनच. आठवडाभर आवरलेली, झाडलेली, सारवलेली वस्ती दारात येऊन बघायला लागली. कुणी हसलं नाही.

सुकट तव्यावर पडली आणि वास सुटला. काय सांगू त्या वासाचं. आठ दिवस कोंडून ठेवलेलं काहीतरी मोकळं व्हावं तसा तो घराबाहेर पडला, गल्लीत गेला, विहारात गेला. सुकट दडवणाऱ्या त्या म्हातारीने लसूण सोलून दिला, कुणी लाल मिरच्या आणल्या, पाट्यावर वरवंटा फिरला. पाण्याचा थेंब लागला नाही. मी मध्येच बाहेर जाऊन खांब बघून आले. सावली हातभरही उरली नव्हती.

मायने पितळी थाळीत गरम भाकरी आणि चटणी ठेवली आणि ती स्वतःच विहारात घेऊन गेली. आबा मागे. भन्तेंसमोर ती वाकली, थाळी पुढे केली. भन्तेंनी हात पुढे केले नाहीत. त्यांनी खांद्यावरचं एक पिवळं फडकं काढलं, समोर जमिनीवर पसरलं, त्याचं एक टोक बोटांत धरलं आणि मायला खुणावलं, यावर ठेव.

मायचे हात हवेतच थांबले. लांबून ओतलेलं पाणी, लांबून टाकलेली भाकरी, हे तिने जन्मभर बघितलं होतं, आत्ता तासाभरापूर्वीही बघितलं होतं. आणि आता आपल्याच विहारात, आपल्याच धर्माच्या माणसाने फडकं टाकलं? तिचा चेहरा मी पाहिला. आबांचाही पाहिला. त्या क्षणी त्या पत्र्याखाली सगळं मोडून पडणार असं मला वाटलं.

सोमचायच्या लक्षात आलं. तो घाईने पुढे सरकला. "नहीं, नहीं माताजी! सब औरत को। भिक्खु औरत के हाथ से नहीं लेता, नियम है। हमारी रानी आए, रानी! उसको भी यही कपड़ा।"

मायने हळूच विचारलं, "रानीलाबी?"

"रानी को भी।"

तिने थाळी फडक्यावर ठेवली. ती मागे सरकताना थोडी ताठ झाली होती, पदर सारखा करत होती, आणि पुढे म्हातारपणी ही गोष्ट सांगताना ती दर वेळी 'रानीलाबी' या शब्दापाशी थांबून आमच्याकडे बघायची.

भन्तेंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि सोमचायला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सोमचाय एकदम हसायलाच लागला. त्याने आपल्या झोळीत हात घातला, फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि झाकण उघडलं. तोच वास! आमच्या घरचा. आत काळपट लाल चटणी होती. नाम प्रिक, तो म्हणाला. वाळलेली कोळंबी, लसूण, मिरची. त्यांच्या देशात घरोघर असते. इकडे आल्यापासून ज्या ज्या वस्तीत गेलो तिथे लोकांनी दूध-भात दिला, खीर दिली, शिरा दिला. "सब जगह मीठा, मीठा," सोमचाय म्हणाला आणि कपाळाला हात लावला. "भन्ते बोलते नहीं। आज घर का खाना मिला।"

त्याने भाकरीच्या कोपऱ्याला ती चटणी लावून मलाही दिली. आमच्या चटणीसारखीच, आणि शेवटी जिभेवर थोडं आंबट, थोडं गोड. ती चव मी त्यानंतर पुण्यातल्या इतक्या हॉटेलांत शोधली आहे.

याच वेळी बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. चेअरमन आले होते, मागे गावातली आणखी दोन माणसं. पांढरेशुभ्र कपडे. विहाराच्या पायरीशी येऊन ते थबकले. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला.

"कसला वास सुटलाय रे मापाडी?"

सगळी वस्ती आबांकडे बघायला लागली. आबा कालपासून उपाशी होते. कपाळावर ती आठी. त्यांना काहीही सांगता आलं असतं. ओढ्यात काही मेलंय म्हणता आलं असतं, पोरीने गाठोडं आणलं म्हणून माझ्यावर ढकलता आलं असतं, आणि मला वाटतं मी तेच ऐकायच्या तयारीने मान खाली घातली होती.

"सुकटीचा हाय, सायेब," आबा म्हणाले. "आमच्या घरचा. या, बसा, जेवण चालू हाय."

आत भन्ते जेवत होते, भाकरी मोडण्याचा आवाज येत होता. चेअरमन बसले नाहीत, पण त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, चपला काढल्या, आत जाऊन मूर्तीपुढे उभे राहिले आणि मग गेले. टँकरचं त्यांनी काढलं नाही. आबांनीही काढलं नाही. मी बाहेर येऊन खांब बघितला तेव्हा सावली बुडाशी नाहीशी झाली होती आणि भन्तेंनी थाळी बाजूला सारून पाणी प्यायला घेतलं होतं.

मग आबा चुलीपाशी येऊन बसले. मायने न विचारता भाकरी वाढली. त्यांनी चटणीकडे बघितलं, बोटाने थोडी चाखली.

"भूमची हाय का?"

"तुमच्याच गाठोड्यातली हाय," माय म्हणाली, आणि वस्ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पुढे मी टेलिफोन खात्यात लागले, पुण्याला आले, फ्लॅट झाला. आबा गेले, माय गेली. मूर्ती अजून आहे, विहाराला आता स्लॅब आहे. आणि मी? मी या फ्लॅटमध्ये सुकट भाजते ती समोरचे लोक गावाला गेले की. खिडक्या बंद, पंखा सुरू, वर धूप. एकदा ते लोक लवकर परतले आणि बेल वाजली. समोरच्या काकू, वास कसला येतोय विचारत होत्या. मितू तेव्हा दहावीत होती. ती पटकन म्हणाली, "ड्रेनेज तुंबलंय वाटतं, काकू." मीही मान डोलावली होती. नंतर थाई हॉटेलं निघाली आणि मला मोठी सोय झाली. तिथे तोच वास चिनीमातीच्या ताटलीतून येतो, त्याला परदेशी नाव असतं, आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही. मी इतकी वर्षं चांगलं थाई हॉटेल का शोधते आहे, हे औंधच्या त्या अगरबत्तीत बसल्यावर मला एकदाचं कळलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

आज पौर्णिमा. मितूने बाणेरला टेबल राखून ठेवलं होतं, भरपूर ताऱ्यांचं. सकाळी मी तिला म्हटलं, "ते रद्द कर. आज घरी जेवू."

"आणि थाई?"

"तेच करतेय."

तवा ठेवला. डब्यातली सुकट काढली, भूमची आहे, मामाचा नातू अजून पाठवतो. मितू सवयीने खिडकी लावायला गेली तर मी म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे वळून बघितलं. वास सुटला. आधी ओट्यावर, मग बैठकीच्या खोलीत, मग दाराखालच्या फटीतून जिन्यात गेला असणार, कारण थोड्याच वेळात बेल वाजली. क्षणभर मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली, ते मी नाकारत नाही. या वयातही.

मितूने दार उघडलं. समोरच्या काकू होत्या, पदर नाकाशी. "अहो, कसला वास येतोय हा?"

मितूने तोंड उघडलं, आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि दाराशी गेले.

"सुकटीचा आहे," मी म्हणाले. "आमच्या घरचा. या, बसा, जेवण चालू आहे."

काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी आत जाऊन तिसरं ताट घेतलं. दार उघडंच ठेवलं.